मागणी आधी सिद्ध करा, मग वसूल करा

१ फेब्रुवारी २०२४ रोजी अंतरिम अर्थसंकल्प मांडताना निर्मला सीतारामन यांनी आयकर खात्याच्या दफ्तरातली एक जुनी दुखरी गोष्ट संसदेत मान्य केली. खात्याच्या वहीत असंख्य लहानसहान मागण्या, म्हणजे करदात्याकडून येणे म्हणून दाखवलेल्या रकमा, पडून आहेत. कित्येकींची पडताळणी झालेली नाही, हिशेब जुळलेला नाही, काही वादात आहेत आणि काही तर थेट १९६२ पासूनच्या आहेत. त्यांच्यामुळे प्रामाणिक करदात्यांना मनस्ताप होतो आणि पुढच्या वर्षांचे परतावे अडून राहतात, असे त्यांनी सांगितले. मग २००९-१० या आर्थिक वर्षापर्यंतच्या प्रत्येकी २५ हजारांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ या काळातल्या १० हजारांपर्यंतच्या मागण्या मागे घेण्यात आल्या. एका करदात्यासाठी एकूण मर्यादा एक लाखाची. अशा नोंदी निघाल्या सुमारे १ कोटी ११ लाख आणि त्या सगळ्यांची मिळून रक्कम साडेतीन हजार कोटींच्या आसपास. एका नोंदीमागे सरासरी तीन हजार रुपयांच्या थोडे वर.

निर्णय योग्यच होता. पण त्याचे स्वरूप माफीचे होते, आणि तिथेच माझा आक्षेप सुरू होतो. ज्या नोंदी खात्याला स्वतःला पडताळता आल्या नाहीत, त्यांची माफी करदात्याला का द्यावी? त्या मुळात येणे होत्या की नव्हत्या, हा प्रश्न कोणी सोडवलाच नाही. शिवाय ही सवलत २०१४-१५ ला थांबली. २०१५-१६ पासूनच्या तशाच नोंदी वहीत आहेत आणि नव्यांची भर पडतेच आहे.

अशी नोंद कशी जन्माला येते, हे तालुक्याच्या गावातला कोणताही कर सल्लागार झोपेतून उठवला तरी सांगेल. शिक्षकाच्या पगारातून टीडीएस कापला जातो, सरकारजमाही होतो, पण कार्यालयाने भरलेल्या तिमाही विवरणात त्याच्या पॅनमधले एक अक्षर चुकते. त्याच्या २६एएसमध्ये, म्हणजे त्याच्या नावे जमा झालेल्या कराच्या खात्यातल्या उताऱ्यात, तो कर दिसत नाही. बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्रातली यंत्रणा विवरणपत्र तपासते, जमा कर शून्य धरते आणि व्याजासकट डिमांड काढते. दुसऱ्या कोणी स्वतः चलन भरताना निर्धारण वर्षाच्या (कमाईच्या पुढच्या वर्षाच्या) जागी आर्थिक वर्ष लिहिलेले असते. पैसे सरकारच्या तिजोरीत पोहोचतात, पण भलत्याच वर्षाच्या खात्यात. तिसऱ्याने दुरुस्तीचा अर्ज केलेला असतो, तो ज्या अधिकाऱ्याकडे होता त्याची बदली होते, वॉर्डांची, म्हणजे खात्याच्या स्थानिक कार्यालयांची, पुनर्रचना होते आणि फाईल कुठल्या कपाटात गेली हे कोणालाच ठाऊक राहत नाही. दुरुस्तीचा अर्ज सहा महिन्यांत निकाली काढावा, असे कायदा म्हणतो. तो निकाली न काढल्यास खात्याचे काय होते? काहीच नाही.

पूर्वी हे सगळे वॉर्डातल्या हस्तलिखित नोंदवह्यांत होते. काम संगणकावर गेले तेव्हा त्या नोंदी तपासून घेण्याऐवजी तशाच प्रणालीत चढवल्या गेल्या आणि करदात्यांचे परतावे त्यांच्यापोटी वळते होऊ लागले. एका सनदी लेखापालाच्या पत्राची दखल घेऊन दिल्ली उच्च न्यायालयाने हा विषय स्वतःहून हाती घेतला. मार्च २०१३ च्या निकालात न्यायालयाने बजावले की, परतावा वळता करण्याआधी करदात्याला कळवलेच पाहिजे आणि त्याच्या उत्तराचा विचार झालाच पाहिजे. आज परतावा वळता करण्याआधी सूचना येते (१९६१ च्या कायद्यात कलम २४५), उत्तराला २१ दिवस मिळतात. ही सुधारणा खरी आहे आणि तिचे श्रेय खात्याला दिले पाहिजे. मैसूरूला मागणी सुविधा केंद्रही उभे राहिले. पण सूचनेची सगळी मांडणी अजूनही असे गृहीत धरते की नोंद बरोबर आहे आणि ती चूक असल्याचे करदात्याने दाखवायचे आहे. ई-मेल जुन्या पत्त्यावर गेला, मोबाईल नंबर बदलला, निवृत्त माणसाला पोर्टल उघडता आले नाही, की त्याचे मौन म्हणजे संमती ठरते.

पुरावाही कसला मागितला जातो? पंधरा वर्षांपूर्वीच्या चलनाचा. आयकर नियमांनुसार व्यावसायिकांनी हिशेबाची पुस्तके निर्धारण वर्षानंतर साधारण सहा वर्षे जपायची असतात. ज्या कागदांची जपणूक कायदाच सहा वर्षांनंतर मागत नाही, त्यांच्या अभावी पैसे वळते करणे हा सरळसरळ अन्याय आहे.

टीडीएसच्या बाबतीत हा अन्याय सर्वाधिक बोचतो. मालकाने पगारातून कर कापला आणि सरकारात भरलाच नाही, तर तो कर नोकराकडून मागता येत नाही. १९६१ च्या आयकर कायद्याचे कलम २०५ नेमके हेच सांगते. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये हे स्पष्ट केले. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये अधिकाऱ्यांना लेखी सांगितले की, अशा प्रकरणांत सक्तीची वसुली करू नका. इतके होऊनही किंगफिशर एअरलाइन्सच्या एका कर्मचाऱ्याला २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. जे थेट वसूल करता येत नाही ते पुढच्या परताव्यातून वळतेही करता येणार नाही, हे न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले. वसुलीला मनाई, पण नोंद मात्र प्रणालीत कायम: ही स्थिती कोणत्याही परिपत्रकाने बदलत नाही, कारण यंत्रणा परिपत्रके वाचत नाही. वहीतली नोंद मालकाच्या नावावर हलवली पाहिजे. कर्मचाऱ्याचा कर कापून स्वतःकडे ठेवणाऱ्या मालकाविरुद्ध तुरुंगवासाची तरतूद कायद्यात आहे. सगळी सक्ती तिथे वापरावी. मी तिचे मनापासून स्वागत करीन.

व्याजाचा हिशेबही पाहा. डिमांडची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत पैसे भरले नाहीत, तर महिन्याला एक टक्का व्याज, आणि महिन्याचा एखादा दिवस गेला तरी पूर्ण महिना धरला जातो. खात्याकडे करदात्याचे पैसे अडकले, तर मिळते महिन्याला अर्धा टक्का. तेही करपात्र. राज्याला पैशांची निकड असते हे मान्य केले तरी, चूक खात्याची असतानाही दर निम्माच राहतो, याचे समर्थन कोणी केलेले माझ्या वाचनात नाही.

आता मोठ्या आकड्यांकडे येऊ. संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीपुढे २०२५ मध्ये आलेल्या माहितीनुसार थकीत प्रत्यक्ष करांची मागणी सुमारे ४३ लाख कोटी रुपये होती आणि त्यातली दोन तृतीयांश खात्यानेच ‘वसूल होणे कठीण’ या सदरात टाकली होती. २०२४-२५ या संपूर्ण वर्षाचे निव्वळ प्रत्यक्ष कर संकलन सुमारे २२ लाख कोटी होते. म्हणजे जवळजवळ दोन वर्षांच्या संकलनाइतकी रक्कम वहीत येणे म्हणून उभी आहे. असे आकडे बाहेर आले की दरवेळी एकच सूर लागतो: बडे लोक बुडवतात, सरकार हातावर हात ठेवून बसते. त्यात तथ्य आहे. मालमत्ता नसलेल्या, पत्ता न सापडणाऱ्या, दिवाळखोरीत गेलेल्या करदात्यांकडची येणी या ढिगात आहेत, आणि त्यातल्या काहींनी मालमत्ता वेळीच दुसऱ्यांच्या नावावर केलेली आहे. पण ढिगाचा मोठा भाग हा कधीच न टिकणाऱ्या निर्धारणांचा, म्हणजे अधिकाऱ्याने ठरवलेल्या कराच्या आदेशांचा, आहे, हे तितक्याच स्पष्टपणे बोलले जात नाही.

पुण्याचे घोडे व्यापारी हसन अली खान यांच्यावर तीस हजार कोटींहून अधिक कराची मागणी होती. वर्षानुवर्षे त्या आकड्याने मथळे मिळवले, थकबाकीच्या तक्त्यांत मोठी जागा व्यापली. अपिलीय न्यायाधिकरणात तो काही कोटींवर आला. हे टोकाचे उदाहरण झाले. रोजचे उदाहरण नोटाबंदीनंतरच्या छोट्या व्यापाऱ्याचे आहे. त्याने बँकेत रोख रक्कम भरली, नोटीस त्याच्यापर्यंत पोहोचली नाही किंवा पोहोचून त्याला समजली नाही, आणि अधिकाऱ्याने एकतर्फी निर्धारण करून भरलेली संपूर्ण रक्कम अघोषित उत्पन्न ठरवली. अशा उत्पन्नावर तेव्हा ६० टक्के कर, त्यावर २५ टक्के अधिभार आणि वर उपकर, म्हणजे एकूण ७८ टक्के. शिवाय दंड आणि व्याज. किराणा दुकानाची विक्री म्हणजे दुकानदाराचा नफा नव्हे, हे अपिलात सिद्ध होईलही. तोवर तो थकबाकीदार.

सरकारच्याच २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालाने यावर नेमके बोट ठेवले होते. न्यायालयीन लढायांत खात्याच्या यशाचे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे, असे त्यात नोंदवले होते. प्रलंबित प्रकरणांपैकी ६६ टक्के प्रकरणे प्रत्येकी १० लाखांपेक्षा कमी रकमेची होती आणि त्या सगळ्यांत मिळून अडकलेल्या रकमेचा फक्त १.८ टक्का होता. उलट अवघ्या ०.२ टक्के प्रकरणांत एकूण रकमेच्या ५६ टक्के अडकले होते. या तीन आकड्यांत वसुलीचे सगळे धोरण आहे. खात्याची माणसे, वेळ आणि न्यायालयांचे दिवस दोनतृतीयांश प्रकरणांत अशा ठिकाणी खर्च होतात जिथे जवळपास काहीच नाही, आणि जिथे खरी रक्कम आहे तिथे वसुली अधिकारी अपुरे पडतात.

अपिलात गेलेल्या करदात्याने दरम्यान किती भरायचे, या प्रश्नाचा प्रवासही बोलका आहे. १९९६ च्या सूचनेत वसुलीच्या स्थगितीचा विचार गुणवत्तेवर करायचा होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये मंडळाने १५ टक्के भरल्यास स्थगिती असा ठोकताळा दिला आणि ३१ जुलै २०१७ ला तो २० टक्क्यांवर नेला. हेतू चांगला होता: अधिकाऱ्यागणिक बदलणारा न्याय थांबावा. प्रत्यक्षात काय झाले? ठोकताळा हाच किमान दर झाला. कमी रकमेवर स्थगिती देण्याचा अधिकार अधिकाऱ्याला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले. पण लेखापरीक्षणाचा धाक असलेला अधिकारी तो वापरायला धजत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००१ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये नियम घालून दिले आहेत. स्थगितीच्या अर्जावर कारणांसह आदेश द्या, अपिलाची मुदत संपण्याआधी सक्ती करू नका, बँक खाते जप्त करण्यापूर्वी वाजवी सूचना द्या. तरीही मार्च उजाडला की लक्ष्यपूर्तीसाठी बँकांना नोटिसा जातात आणि व्यापाऱ्याला आपले खाते अटॅच झाल्याचे बँकेच्या खिडकीवर कळते. कामगारांचा पगार, पुरवठादारांचे धनादेश, जीएसटीचा भरणा, सगळे त्या एका दिवसात अडते. आयुक्तांपुढे पाच लाखांहून अधिक अपिले तुंबलेली असताना आगाऊ भरण्याचा आकडा २० असो की १०, ते पैसे वर्षानुवर्षे अडकणार आहेत. अपील ऐकण्याची मुदत बांधून घेत नाही, तोवर टक्केवारीची चर्चा दुय्यम आहे.

आयकर खात्याकडे दुसरा मार्ग आहे आणि तो त्याने स्वतःच शोधला आहे, म्हणून मी आशा धरून लिहितो आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये परदेशी मालमत्तेची माहिती देण्याबाबत मोहीम झाली. ज्यांच्याबद्दल परदेशातून तपशील आले होते, अशा १९,५०१ निवडक करदात्यांना संदेश गेले: तुमच्या विवरणपत्रात हे दिसत नाही, एकदा तपासून घ्या. धाड नाही, जप्ती नाही. २४,६७८ करदात्यांनी विवरणपत्रे पुन्हा पाहिली आणि २९ हजार कोटींहून अधिक मूल्याची परदेशी मालमत्ता जाहीर झाली. राजकीय पक्षांच्या देणग्या आणि इतर खोट्या वजावटींबाबतही आधी असेच संदेश गेले. सुमारे ४० हजार जणांनी चार महिन्यांत १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतले. जे तरीही ऐकेनात, त्यांच्यासाठी जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत दीडशे ठिकाणी तपासणी झाली. हा क्रम मला योग्य वाटतो. आधी माहिती दाखवा, सुधारण्याची संधी द्या, मग न ऐकणाऱ्याचा हात धरा. २०२२ पासूनच्या अद्ययावत विवरणपत्राच्या सोयीतही तेच घडले: सुमारे ९० लाख करदात्यांनी जादा कर भरून आपले उत्पन्न दुरुस्त केले, असे २०२५ च्या अर्थसंकल्पीय भाषणात सांगितले गेले. प्रत्यक्ष कराचा बहुतांश भाग टीडीएस, आगाऊ कर आणि स्वयंनिर्धारणातून, म्हणजे नोटिशीविना येतो. तिजोरी भरते ती लोक आपणहून भरतात म्हणून. त्या लोकांना चुकीच्या नोंदींनी दुखावणे तिजोरीलाच महाग पडते.

आणि इथेच वारंवारच्या सवलत योजनांबद्दलही बोलले पाहिजे. १९९८ ची कर विवाद समाधान योजना, २०१६ ची योजना, २०२० ची ‘विवाद से विश्वास’ आणि २०२४ ला तिची दुसरी आवृत्ती. राज्याच्या विक्रीकराची थकबाकी घ्या: २०१९, २०२२, २०२३, अभय योजना ठरावीक अंतराने येत राहिली. नोटीस आली त्याच महिन्यात कर्ज काढून भरणाऱ्या कोल्हापूरच्या किंवा लातूरच्या उद्योजकाला यातून काय मिळाले? काहीच नाही. थांबून राहिलेल्या त्याच्या स्पर्धकाला व्याज आणि दंड माफ. योजनांनी न्यायालयांचा भार हलका होतो, हे मान्य. पण वही साफ करण्याची नियमित व्यवस्था नाही, म्हणून सरकारला दर काही वर्षांनी सरसकट सवलत द्यावी लागते, आणि तिचा सर्वात मोठा वाटा मोठ्या थकबाकीदाराच्या पदरात पडतो.

फरक न करणारी वसुली कुठवर जाऊ शकते, हे नेदरलँड्सने पाहिले. तिथल्या कर प्रशासनाने बालसंगोपन भत्ता घेणाऱ्या हजारो पालकांवर फसवणुकीचा शिक्का मारला. कागदपत्रांतल्या किरकोळ त्रुटींसाठीही वर्षभराचा भत्ता परत मागितला, आणि ज्यांच्यावर मुद्दाम केल्याचा ठपका होता त्यांना हप्ते बांधून द्यायलाही नकार दिला. संसार मोडले. जानेवारी २०२१ मध्ये पंतप्रधान मार्क रुटे यांच्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. यंत्रणा कार्यक्षम होती, नोंदी संगणकीय होत्या, कर्मचारी प्रशिक्षित होते. चुकणारा आणि फसवणारा यांच्यात भेद करण्याची सक्ती तेवढी तिच्यावर नव्हती.

आपल्या कायद्यात अशी एक सक्ती एकेकाळी होती. १९६१ च्या कायद्यातले कलम २३१ वसुलीची कारवाई सुरू करण्याला कालमर्यादा घालत असे. १९८९ पासून ते वगळले गेले. स्थावर मालमत्तेच्या लिलावाला मुदत राहिली, पण परतावा वळता करण्याला, नोंद जिवंत ठेवण्याला मुदत उरली नाही. १९६२ ची नोंद २०२४ पर्यंत टिकते ती यामुळे. नवा आयकर कायदा २०२५ मध्ये मंजूर झाला, भाषा सोपी झाली, कलमे कमी झाली, १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख ठरली. ती कालमर्यादा मात्र परत आली नाही. ही मोठी संधी हुकली असे मी मानतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, मुदत घातली तर बुडवे मुदत संपेपर्यंत लपून बसतील. आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर मसुद्यात देता येते. फसवणूक, मालमत्ता लपवणे, कापलेला टीडीएस न भरणे यांना मुदत लागू करू नये. अपिलात किंवा न्यायालयात अडकलेला काळ मोजू नये. खात्याने वसुलीचे एखादे खरे पाऊल उचलले असेल, तर तिथून मुदत नव्याने मोजावी. पण ज्या लहान मागणीसाठी खात्याने सहा वर्षांत ना आदेशाची प्रत दाखवली, ना दुरुस्तीच्या अर्जाला उत्तर दिले, ती नोंद आपोआप संपली पाहिजे. त्यासाठी कोणा अर्थमंत्र्याच्या भाषणाची गरज पडू नये. परतावा वळता करताना मूळ आदेश आणि तो बजावल्याचा पुरावा सूचनेसोबत जोडणे सक्तीचे असावे. तो नसेल तर प्रणालीने परतावा रोखूच नये. हप्त्यांची सोय आज कायद्यात आहे, पण ती अधिकाऱ्याच्या मर्जीवर. ठरावीक रकमेपर्यंत ती पोर्टलवर, अर्जाविना मिळायला हवी. आणि अधिकाऱ्याचे मूल्यमापन त्याने किती रकमेची मागणी काढली यावर न होता, तिच्यातली किती अपिलात टिकली यावर व्हावे. तसे झाले तर ७८ टक्क्यांची एकतर्फी निर्धारणे आपसूक कमी होतील, कारण ती काढणाऱ्यालाच महाग पडतील.

यातल्या बऱ्याच गोष्टींना कायदादुरुस्ती लागते आणि तिला वेळ लागेल. २०१५-१६ पासूनच्या २५ हजारांच्या आतल्या मागण्यांची पडताळणी मात्र मंडळाला स्वतःच्या अधिकारात उद्यापासून हाती घेता येते. टीडीएस आणि चलनांचा बहुतेक तपशील आता खात्याच्याच संगणकात आहे, तो जुळवून पाहण्यासाठी करदात्याला बोलवावेही लागत नाही. हे काम सुरू करावे, आणि कोणत्या वॉर्डात किती नोंदी तपासल्या, किती रद्द झाल्या, किती खऱ्या निघाल्या, हे दर तिमाहीला जाहीर करावे.